जेवता हात

खारू नव्या आईशी बोलायची ती ‘अहो-जाहो’ करून. अकरा वर्षांची पोर, पण भाषा अशी की समोर बँकेतल्या मॅडम बसल्यात. “तुमचा फोन वाजतोय.” “तुमची किल्ली दारालाच राहिलीय.” आईला ‘तू’ म्हणायचं आणि शाळेतल्या बाईंना ‘तुम्ही’, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सावत्र आईला काय म्हणायचं, हे मात्र कुणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून खारूने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. माणसाला इतका मान द्यायचा की त्याने जवळ येताच कामा नये.

नवी आई एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. प्लास्टरच्या जबड्यावर मेण लावायचं, त्यात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याला नीट भेटतो का पाहायचं. शेकडो अनोळखी तोंडं तिने जुळवली होती आणि घरातलं एक तोंड तिच्यापुढे उघडत नव्हतं. खारूचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून घरी यायचा आणि दोघींच्या मध्ये, दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्यासारखा, गप्प बसून राहायचा. भला माणूस होता, पण भलेपणाचा दर वेळी उपयोग होतोच असं नाही.

खारूच्या मावशीने सांगून ठेवलं होतं, “सुट्टी संपेपर्यंत बघू. नाहीच रुळली, तर माझ्याकडे राहील. इकडच्या शाळेत घालू.” मावशी वाईट नव्हती, हीच पंचाईत होती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. खारूची बॅग पलंगाखाली भरून तयार होती आणि नव्या आईने झाडताना ती पाहिली होती. तिला ही मुलगी हवी होती. नवऱ्याबरोबर आली म्हणून सांभाळायची, असं नाही. हट्टी, अबोल, खारीसारखी वस्तू साठवणारी ही मुलगी तिला मनापासून आवडली होती, आणि आवडलेल्या माणसाने ‘अहो’ म्हटलं की फार लागतं.

खारू सकाळपासून आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर तो चौकोनी ठोकळ्यांचा खेळ खेळायची. जेवायची वेळ झाली की ताट वाढून घ्यायची, खोलीत न्यायची, रिकामं आणून ठेवायची. एक दिवस नव्या आईने दारात उभं राहून विचारलं, “मला शिकवशील?”

“तुम्हाला कशाला?”

“रिकामी आहे म्हणून.”

“कठीण आहे ते.”

“दाढा बसवते मी. ठोकळे बसवायला किती वेळ लागणार?”

खारूला हसू आलं होतं, पण तिने ते गालातच ठेवलं. बापाच्या टॅबवर तिने खेळ चालू करून दिला, आपल्या जगात येऊ दिलं, आणि नाव काय लिहू म्हणून विचारलं. नवी आई म्हणाली, कवळी लिही.

त्या जगात सगळंच चौकोनी. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. झाडाला बुक्के मारले की लाकूड मिळतं, लाकडाची कुदळ होते, कुदळीने दगड निघतो. कोळसा काठीला लावला की मशाल. सूर्य मावळला की हिरवट मुडदे हात पुढे करून चालत येतात, म्हणून त्याआधी चार भिंती हव्यात. कवळी पहिल्याच फेरीत स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडून मेली. मग मेंढीजवळ जाऊन भलतंच बटण दाबलं आणि त्या गरीब जनावराला फटका बसला. तिसऱ्या प्रयत्नात घर बांधलं, भिंती सुबक, छप्पर सरळ, फक्त दार ठेवायला विसरली.

खारू खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून तिथूनच हुकूम सोडायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. नवी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हुकूम पाळायची.

“पायाखालचं खणायचं नसतं. खाली लाव्हा असतो.”

“बरं.”

“आता उजवीकडे वळा. उजवीकडे म्हटलं मी.”

“वळले की.”

“ते डावं झालं.”

उजव्या-डाव्याचा घोळ नव्या आईचा जन्माचा होता. लहानपणी त्यापायी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. रिक्षात बसलं तरी ती हात करून दाखवायची, तोंडाने सांगायची नाही.

होता होता दार असलेलं घर झालं, दाराबाहेर गाजरं लागली. तेव्हा तिने हळूच विचारलं, “तुझं घर कुठे आहे गं?”

“ते मी कुणाला सांगत नाही,” खारू म्हणाली. “ज्याला यायचंय त्याने शोधत यावं.”

मग कवळी निघाली. वाळवंटात भरकटली, नदीत होडी हरवून बसली, फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात तशी दोनदा आपल्याच गाजरांपाशी येऊन उभी राहिली. लॅबमध्ये मेण तापवतानाही तिच्या डोक्यात तोच डोंगर असायचा, कारण एका संध्याकाळी त्याच्यापलीकडे तिला उजेड दिसला होता. डोंगर चढायला जागा नव्हती. पायथ्याशी, तिच्या गाजरांच्या समोरच, एक गुहा होती.

“गुहेतून येतेस का, म्हणजे येता का?” खारू म्हणाली. शब्द घसरला होता, तिने तो लगेच सावरला. “आत खूप फाटे आहेत. मशाली लावत या. उजव्या... जाऊ दे, तुमचं उजवं-डावं काही खरं नाही. जेवत्या हाताला लावत या. आत जाताना सगळ्या जेवत्या हाताला. म्हणजे मागे फिरलं की त्या दुसऱ्या बाजूला येतात आणि वाट चुकत नाही. आई मला चपला घालताना असंच सांगायची. जेवता हात, जेवता पाय.”

आईचं नाव तिने या घरात नव्या आईसमोर कधी काढलं नव्हतं. नवी आई फक्त “बरं” म्हणाली. पण मनातून तिला हायसं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला समजेल अशी दिशा सांगितली होती. ती आत शिरली आणि एकेक मशाल जेवत्या हाताला लावत चालू लागली.

गुहा संपता संपेना. फाट्याला फाटा फुटत गेला, मशाली संपल्या, खायला काही उरलं नाही, आणि जवळच कुठेतरी मुडदे कण्हायला लागले. शेवटी तिने दगडांची एक कोठी करून स्वतःला तीत कोंडून घेतलं आणि हाक मारली, “खारू, मी अडकले गं.”

“हलू नका. मी येते.”

खारू आपल्या बाजूने डोंगर पोखरत निघाली आणि गुहेच्या मधेच बाहेर पडली. तिथे मशाली होत्या. मशाल उजव्या हाताला राहील अशी ती चालत गेली, कारण कवळी तशीच गेली असणार. चालत चालत ती थेट उन्हात आली. समोर गाजरं.

“तुम्ही आत गेलाच नाहीत.”

“आतच आहे मी. अंधार आहे इथे.”

खारू पुन्हा आत गेली. एका अंधाऱ्या फाट्यातून फिरून मशालींपाशी निघाली, पुन्हा त्या उजव्या हाताला धरल्या आणि पुन्हा उन्हात आली. तिसऱ्या खेपेला वाटेत मुडद्यांनी तिला गाठलं आणि ती मेली, साठवलेलं सगळं सामान तिथेच सांडलं. खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. खारू तरातरा स्वयंपाकघरात आली आणि रडवेल्या रागाने म्हणाली, “तू कुठल्या हाताने जेवतेस?”

बाप ओट्याशी कप विसळत होता. त्याने नळ बंद केला.

नव्या आईने डावा हात वर केला.

“रोज?”

“जन्मापासून. तोंडात घास घालायला मला दुसरा हात येतच नाही.”

खारू त्या हाताकडे बघत राहिली. नवी आई या घरात आल्याला वर्ष होत आलं होतं. शेजारच्या काकूंना ठाऊक होतं, लॅबमधल्या पोऱ्याला ठाऊक होतं, आणि एका छपराखाली राहणाऱ्या खारूला ते माहीत नव्हतं, कारण तिने एकदाही तिच्यासोबत बसून खाल्लं नव्हतं. हे तिचं तिलाच कळलं. तिचे कान लाल झाले.

“मला वाटलं, सगळ्यांचा तोच असतो,” ती पुटपुटली.

नव्या आईनेसुद्धा सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, मुलीवर लादायचं नाही, असा तिचा शहाणपणा. तो शहाणपणा आज गुहेत अडकून बसला होता. पण तिच्या डोक्यात या क्षणी यातलं काहीच नव्हतं. तिथे एकच शब्द वाजत होता, ‘तू’. खारूच्या तो ध्यानातही आला नव्हता, आणि आपण आनंद दाखवला तर ती तो परत घेईल या भीतीने नव्या आईने नजर टॅबवरच ठेवली होती.

“सरक,” खारू म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. “कोठी फोड आणि शेवटच्या मशालीपर्यंत मागे ये. आता मशाली तुझ्या जेवत्या हाताला आहेत की दुसऱ्या?”

“दुसऱ्या.”

“म्हणजे बाहेरची वाट. उलटी फिर. मशाली संपतील तिथून पुढे मी सांगते.”

बोट धरून न्यावं तसं तिने तिला नेलं. सांडलेलं सामान वाटेत सापडलं. डोंगरापलीकडे, तळ्याकाठी, खारूचं घर होतं. एक खोली, भिंतीला लागून संदुकाच संदुका, एक पलंग. कवळी दारात उभी राहिली.

“ये ना आत. दार लाव, मुडदे येतील,” खारू म्हणाली. मग त्या एकुलत्या पलंगाकडे बघून विचार करत म्हणाली, “तुझ्यासाठी पलंग करावा लागेल. लोकर हवी. ज्या घरी झोपलो ना, मेलं की तिथेच परत येतो आपण.”

“असं असतं?”

“असंच असतं. तू मेंढ्यांना मारू नकोस मात्र. कात्रीने कापायची असते.”

त्या संध्याकाळी खारूने ताट उचललं आणि काही न बोलता टेबलाशी, नव्या आईच्या डाव्या बाजूला बसली. पहिल्याच घासाला दोघींची कोपरं आपटली आणि भाजी सांडली. बाप हसला. खारू ताट घेऊन उठली तेव्हा नव्या आईने हातातला घास ताटात ठेवला, पण खारू टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, जिथे कोपरं लागत नव्हती.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. बापाने तो स्पीकरवर टाकला. शाळेत जागा आहे, अर्ज आणून ठेवलाय, कधी येऊ न्यायला, असं मावशी विचारत होती. बापाने खारूकडे पाहिलं. नवी आई कुणाकडेच बघत नव्हती.

“मी नाही येत गं मावशी,” खारू तोंडात घास असतानाच म्हणाली. “हिला एकटीला सोडून कशी येऊ? ही हरवते.”

“ही म्हणजे कोण?” मावशीने विचारलं.

“ही म्हणजे आमची ही,” खारू म्हणाली. याहून वेगळं काय सांगायचं ते तिला अजून सुचत नव्हतं, आणि तिला त्याची घाईही दिसत नव्हती. नव्या आईने मान खाली घालून पुढचा घास घेतला.