साठाचे पंच्याण्णव

मूत्रपिंडांच्या दुखण्यावर सल्ला देणारा प्रोग्राम वहिनीने बांधला होता आणि हृदयाचा तिच्या नणंदेने. दोन्ही प्रोग्राम दोन वेगळ्या रुग्णालयांत चालत आणि अडलेल्या रुग्णाबद्दल नेटवर्कवरून एकमेकांचं मत घेत. नणंद म्हणजे घरातलं शेंडेफळ. एवढी इंजिनियर झाली तरी सगळ्यांना ती चिमीच.

जुन्या, निकाल लागलेल्या केसेसवर चाचणी सुरू होती. एका शिक्षिकेचे पाय सुजले होते. मूत्रपिंडं निकामी होत असावीत, असा संशय वहिनीच्या प्रोग्रामने साठ टक्के धरला. मग हृदयाच्या प्रोग्रामशी निरोपानिरोपी झाली आणि आकडा पंच्याण्णववर गेला. प्रत्यक्षात बाईंची मूत्रपिंडं ठणठणीत होती. सूज रक्तदाबाच्या गोळीने आली होती.

"तुझ्या प्रोग्रामने माझ्याला भरीस घातलं," वहिनी फोनवर म्हणाली.

"वा! माझा तर तुझ्याच जिवावर बोलत होता," चिमी फणकारली.

हृदयाचा प्रोग्राम अजून कच्चा आहे, असं वहिनी भर बैठकीत बोलून गेली होती. तेव्हापासून दोघींत धुसफूस होती. चिमीचा भाऊ दोघींचं निमूट ऐकून घेई आणि दोघींनाही "तुझं बरोबर आहे" म्हणे.

शेवटी वहिनी सगळे निरोप छापून चिमीच्या ऑफिसात गेली. दोघींनी ते टेबलभर पसरले आणि एकेक वाचत गेल्या. वहिनीच्या प्रोग्रामचा संशय चिमीच्या प्रोग्रामने पुरावा म्हणून घेतला होता, त्यात भर घातली होती आणि स्वतःचं मत म्हणून परत पाठवला होता.

"म्हणजे शिंकले मी," वहिनी म्हणाली, "ती शिंक तू मला ऐकवलीस, आणि मी म्हटलं, बघा, दोघींना सर्दी!"

चिमीला हसू आवरेना.

प्रत्येक निरोपासोबत मूळ निरीक्षण कोणाचं, हे जायला हवं, असं वहिनीने सुचवलं.

"निरोप जड होतील. वेग मार खाईल."

"खाऊ दे."

चिमी कामाला लागली. आपलंच म्हणणं फिरून आलं तर ते मोजायचं नाही, असा नियम दोन्हीकडे घातला. या खेपेला आकडा साठावरून हलला नाही.

"पण साठ तरी कुठून आले?" चिमीने विचारलं.

वहिनीने कागद खाली ठेवला. "तो माझा घोळ. गोळ्यांनीही सूज येते, हा नियमच घातला नाही मी."

चिमीने टोमणा मारला नाही. "सांग, लिहून घेते," म्हणाली.

आकडा बारावर उतरला. मग त्यांनी पुढची केस उघडली. तिच्यात हृदयाचा प्रोग्राम चुकला होता.