खाली येतानाचं वजन

"गाडीत वजन किती असतं?" मिस्त्रीने विचारलं.

"कधी?"

"कधी म्हणजे काय? वजन ते वजन. सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं असतं का?"

"तसं नाही. वर जाताना, का खाली येताना?"

मिस्त्रीने हातातला पाना बाजूला ठेवला आणि समोरच्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलताना नजर जमिनीकडे. डोंगरावरच्या दवाखान्याची गाडी तो चालवत असे. वर जाताना गाडीत औषधांची खोकी, ऑक्सिजनच्या टाक्या, तिथे राहणाऱ्या लोकांचा किराणा, असं सगळं ठासून भरलेलं असायचं. खाली येताना मात्र मागे एक स्ट्रेचर, त्यावर एक पेशंट आणि शेजारच्या बाकावर त्याचं कुणीतरी एक. निम्मी वाट नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून होती, म्हणून ऑफिसने गाडी चांगली वीतभर उंच करून घेतली होती. तेव्हा मागे बसवलेल्या स्प्रिंगांपैकी एक आता तुटली होती.

मिस्त्रीने आतून स्प्रिंगांच्या दोन जोड्या आणून टेबलावर ठेवल्या. उंचीला सारख्याच, पण एकीची तार जाड होती, दुसरीची बारीक.

"ही जाडवाली घ्या. तुमची जुनी होती तशीच. कितीही भरा, हूं का चूं करणार नाही."

"आणि रिकामी असली की?"

"रिकामी असली की उडवणार. तिला वजनच हवं. वजन नसलं की ती दबत नाही, सगळा दणका वर जातो."

"मग ही बारीक?"

"ही आरामाची. पण गच्च भरलीत की गाडी मागून बसेल. बूड दगडाला घासलं की माझ्या नावाने शंख करत याल." मिस्त्री हसला. "सगळे उंच गाडीवाले जाडच नेतात. कशाला डोकं शिणवता?"

ड्रायव्हर हसला नाही. त्याने बारीक तारेची स्प्रिंग उचलून हातात धरली आणि तसाच उभा राहिला.

मागच्या महिन्यात त्याने एका म्हाताऱ्या बाईंना खाली आणलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून शेजारचा बाकही रिकामा. बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त प्रत्येक दणक्यानंतर विचारायच्या, "किती राहिलं रे?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "आलंच, आजी." नदी ओलांडेपर्यंत असं चाललं. नंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर बाहेर काढताना त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू चांगला आहेस. गाडी फार वाईट आहे हो तुझी."

पुढे त्यांचं काय झालं, ते त्याला कळलं नाही. कुणाचंच कळत नसे. स्ट्रेचर दारातून आत गेलं की त्याचं काम संपायचं. दुसऱ्या दिवशी तो चौकशीला गेला होता. काचेमागच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" "कुणी नाही," म्हणून तो परत फिरला होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "दोन्ही घालून बघता येतील का?"

"घालून बघायला हे काय कपड्याचं दुकान आहे? अर्धा दिवस जाईल माझा!"

"मी हाताखाली थांबतो. जॅक लावतो, चाकं काढतो."

मिस्त्रीने कुरकुर केली, पण त्या दिवशी त्याच्याकडे दुसरं कामही नव्हतं. दोघांनी मिळून आधी जाड जोडी बसवली. वर्कशॉपच्या मागे एक उजाड मैदान होतं, विटांचे तुकडे आणि खड्डे यांनी भरलेलं. ड्रायव्हरने किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा."

"आणि तुम्ही?"

"मी मागे झोपतो."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला, पण तो बसला.

इतकी वर्षं ही गाडी चालवली, पण त्या स्ट्रेचरवर तो कधी आडवा झाला नव्हता. तिथून काय दिसतं हेही त्याला माहीत नव्हतं. पत्र्याचं छत दिसत होतं. खिडकीचा वरचा तुकडा आणि त्यात आभाळ. मान वळवली की चालवणाऱ्याच्या डोक्याची मागची बाजू. म्हणजे लोक वाटभर माझं टक्कल बघत येतात, त्याच्या मनात आलं आणि त्याला आपलंच हसू आलं. तेवढ्यात गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि त्याचं डोकं बाजूच्या पत्र्यावर आपटलं. पुढच्या दणक्याला दात दातांवर आदळले. त्याने स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली. दांडीवरचा रंग नेमका तिथेच उडालेला होता, जिथे त्याची मूठ आली.

"बस, बस!" तो ओरडला.

मग बारीक जोडी बसवली. तेच मैदान, तेच खड्डे. गाडी आत जायची, दबायची आणि सावकाश वर यायची. हादरे होते, पण ते अंगापर्यंत येता येता निम्मे व्हायचे. तो छताकडे बघत पडून राहिला.

"कसं वाटतंय?" मिस्त्रीने पुढून विचारलं.

हा प्रश्न तो स्वतः वाटेत हजारदा विचारायचा. त्याला मात्र असं कुणी मागे वळून विचारल्याला बरीच वर्षं झाली होती. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती विचारायची, पडल्या पडल्या. तिचं करता करता लग्नाचं राहून गेलं, मग ती गेली. ताई दूरच्या शहरात असते. तिचा फोन येतो, पण ती "जेवलास का?" विचारते. तो "हो" म्हणतो आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

"अहो, झोपलात की काय?"

"नाही, नाही." तो म्हणाला. "बरं वाटतंय. अजून एक चक्कर मारता का?"

मिस्त्रीने अजून एक चक्कर मारली.

ऑफिसात साहेब वैतागले. वयाने लहान होते, पण वागायला रीतीचे. "काका, ही स्प्रिंग सगळा माल एका फेरीत नेणार नाही, असं मिस्त्रीच सांगतोय. मग बदलून जाड घ्या ना!"

"दोन फेऱ्यांत नेतो."

"आठवड्याला गाडी एकदाच जाते. दुसरी फेरी कधी करणार?"

"माझ्या सुट्टीच्या दिवशी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, सुट्टी आराम करायला असते. घरच्यांना वेळ द्यायला." बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते जरा ओशाळले. "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... डिझेलचं मी बघतो."

"हरकत कसली?" ड्रायव्हर म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी तसंही तो काय करत असे? सकाळी शर्ट धुवायचा. दुपारी इस्त्री करायची. मग खोलीच्या दारात खुर्ची टाकून रस्त्यावरची माणसं बघायची आणि ऊन खुर्चीवर आलं की खुर्ची आत घ्यायची. त्यापेक्षा डोंगर बरा.

दोन फेऱ्या सुरू झाल्या. निम्मा माल घेऊन गाडी दगडांवरून नीट जायची. वरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने एकदा खोकी उतरवून घेताना विचारलं, "काका, हल्ली दोनदा येता? गाडीला काही झालंय का?"

"नाही. नवीन स्प्रिंगा घातल्यात."

"मग तर एकदाच यायला हवं ना?" ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. त्याने उरलेली खोकी स्वतःच आत नेऊन ठेवली.

अशाच एका सुट्टीच्या फेरीला परत येताना पेशंट मिळाला. लाकडं तोडणारा माणूस, पायावर ओंडका पडलेला. सिस्टरने पाय फळीला बांधून दिला होता, दुखणं थांबायचं इंजेक्शनही दिलं होतं. बरोबर त्याची बायको. दोघं रात्रभर जागी असावीत. गाडीत चढवताना तो कण्हत होता, ती तोंडाला पदर लावून बसली होती.

पहिल्या वळणानंतर ड्रायव्हरने विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरंय," बाई म्हणाली.

नदीच्या पात्रात गाडी शिरली. गोट्यांवरून डोलत, दबत, वर येत निघाली. पलीकडच्या काठावर आल्यावर त्याने पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. कण्हणंही बंद झालं होतं. त्याने आरशात पाहिलं, पण आरशात फक्त बाकाची कड दिसत होती.

"अहो ताई?"

काहीच नाही. मागे अशी शांतता त्याने पूर्वी दोन-तीनदाच ऐकली होती आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ एकच निघाला होता. त्याने गाडी कडेला घेतली, उतरून धावत मागे गेला आणि दार उघडलं.

दोघं झोपली होती. माणसाचं तोंड उघडं होतं आणि तो बारीक घोरत होता. बाई बाकावरून वाकली होती, डोकं त्याच्या खांद्याजवळ, एक हात फळीला बांधलेल्या पायावर. उन्हाची पट्टी तिच्या पाठीवर पडली होती.

ड्रायव्हर दार धरून उभा राहिला. मागे नदीचा आवाज येत होता. मग त्याने दार आपटलं नाही, खांदा लावून हळूहळू दाबत नेलं, कडी बसल्याचा अगदी बारीक आवाज होईपर्यंत.

उरलेला उतार त्याने सावकाश काढला. डांबरी रस्ता लागला, मग दुकानं लागली, मग हॉस्पिटलची भिंत दिसायला लागली. आज वाट जरा लवकरच संपली, असं त्याला वाटलं.

फाटकाशी आल्यावर आतून स्ट्रेचर घेऊन माणसं यावीत म्हणून हॉर्न वाजवायचा असतो. त्याचा हात तिथवर गेला आणि थांबला. त्याने इंजिन बंद केलं, चप्पल न वाजवता खाली उतरला आणि त्यांना बोलवायला स्वतःच पायी आत गेला.