पद्मावतीचं नाजूक पोट

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. जयनगरची पद्मावती बंगळुरातल्या एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. बोटं चलाख, जीभ त्याहून चलाख. पण दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात अशी कळ यायची, की टाइपरायटरवरच डोकं टेकावं लागे. साहेब नरसिंहराव वडिलांच्या वयाचे. त्यांना काय सांगणार? पहिल्याच वेळी तिनं ठोकून दिलं, "साहेब, पोट बिघडलंय."

ही थाप चांगलीच अंगाशी आली. नरसिंहराव भारी मायाळू. पद्मावतीचं पोट नाजूक, ही खबर कचेरीभर झाली. चहाच्या वेळी सगळ्यांपुढे मद्दूरवडे, हिच्यापुढे ताकभात! एकदा तर साहेबांनी एरंडेल आणून समोर उभं राहून पाजलं आणि बाईसाहेब मुकाट्यानं प्यायल्या. पुढचा सगळा दिवस कळ एकीकडे, धावपळ दुसरीकडे. एवढी इंटर पास झालेली मी, आणि एक साधा शब्द तोंडातून निघत नाही, या विचारानं तिला स्वतःचंच हसू आलं.

तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगून ती घरी गेली. साहेबांनी काळजीनं बायकोला पाठवलं. सावित्रीबाई आल्या, तेव्हा पद्मावती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

"काय गं, बाहेरची आहेस?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग पोट बिघडलं म्हणून कशाला सांगतेस? आमच्याकडे रोज जेवताना तुझ्या पोटाच्याच गप्पा!"

पद्मावती हसली, कळवळली, पुन्हा हसली. सावित्रीबाईंनी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि ती टॉवेलात गुंडाळून तिच्या पोटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला लेडी डॉक्टरकडे नेलं.

सगळं विचारून, तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असा त्रास पुष्कळजणींना होतो. शेक घ्या, झेपेल तेवढं हिंडाफिरा. ही गोळी जेवल्यावर घ्यायची. दुखणं वाढत गेलं किंवा अंगावरून फार गेलं, तर लगेच या. नुसतं सोसत बसू नका."

"सोसलं कुठे?" पद्मावती म्हणाली. "एरंडेल प्यायले ना!"

पुढल्या खेपेला ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, पाळीमुळे दुखतंय. गोळी घेतलीय, स्वल्प वेळ आडवी होते."

नरसिंहरावांचे कान लालबुंद झाले. "सरी, सरी, बरं बरं," म्हणत त्यांनी मागची खोली उघडून दिली. पद्मावती बाकावर टेकली, तोच बाहेरून त्यांचा आवाज गरजला, "कोणी आवाज करायचा नाही!"

अख्खी कचेरी कामं टाकून तिकडे बघू लागली.