एका पाणभुंगेऱ्याची दोन नावं

"दगड फुटला की दोन्ही अर्धुकं एकाच पुडीत बांधायची, मुली," असं विनोदिनीबाईंनी देवासच्या कॉलेजात ऋजुताला दहादा बजावलं होतं. ऋजुता दहादा "हो बाई" म्हणाली होती. पण डही गावाच्या बाजूला पांढरट दगडाचे थर फोडायला गेली, नेमका त्या दिवशी घरी लेकीला, चिऊला ताप. एक डोळा दगडावर, एक फोनवर. दर तासाला थर्मामीटरचा आकडा विचारत तिने हाताला आलं ते हाताला आलेल्या पुडीत कोंबलं. ताप संध्याकाळी उतरला. पुड्या तशाच धारला आल्या.

वर्षभर तिने त्यांच्यावर भिंग धरलं. केव्हाच्या काळी आटलेल्या तळ्यातले, दगडात अडकून राहिलेले पाणभुंगेरे. नखाएवढं अंग, वल्ह्यासारखे चपटे मागचे पाय. एकाच्या पाठीवर बारीक खाचा, दुसऱ्याच्या पाठीवर तिथेच उंचवटे. म्हणजे जाती दोन, आणि दोन्ही नव्या. नाव ठेवायचा मान तिचा. पहिल्याला तिने सासूबाईंचं, उमाबाईंचं नाव दिलं, दुसऱ्याला चिऊचं.

"इश्श, किड्याला माझं नाव?" म्हणत उमाबाईंनी आठ दिवसांत अर्ध्या धारमध्ये बातमी पोचवली. भाजीवालीसुद्धा सुटली नाही.

"आई, तू आता अमर झालीस," ऋजुताचा नवरा श्रेयस चिडवायचा. "ते पण सहा पायांवर."

"आहेत ते दोन दुखतात तेवढे पुरेत," म्हणत उमाबाई देवासच्या भावाला, विश्वासरावांना, फोन लावायच्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

या नव्या जातींचा लेख सोमवारी छापायला पाठवायचा होता. आधीच्या मंगळवारी टेबल पुसता पुसता उमाबाई दोन दगड हातात घेऊन बघत राहिल्या. एक दुसऱ्यावर ठेवला, जरा फिरवला. बसला.

"ऋजुता, ह्या तर एकाच तुरीच्या दोन डाळी गं."

ऋजुताने भिंग लावलं. याच्या खाचांत त्याचे उंचवटे चपखल बसले होते. एका अर्धुकात किडा, दुसऱ्यात नुसता त्याचा ठसा.

"मतलब मेरा वाला है ही नहीं?" चिऊने विचारलं.

"मग आता गं?" उमाबाई म्हणाल्या.

"एका जिवाला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, आई. आमच्या शास्त्राचा नियमच आहे. आधी तुमचं ठेवलं होतं."

उमाबाईंनी फडक्याची घडी घातली. "बरं आहे हो तुमच्या किड्यांचं. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'उमा' लिहिलं, आणि एकोणीस वर्षांची सीता त्या तांदळाबरोबर डब्यात गेली. तुझ्या नियमाने मी अजून सीताच की."

बोलल्या हसूनच. ऋजुताही हसली, आणि मग तिचं हसू तसंच राहून गेलं. सहा वर्षं एका घरात राहून ती सासूच्या पाठीवरच्या शालीपासून बीपीच्या गोळीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवून होती. हे एक तिने कधी विचारलं नव्हतं. तिचं स्वतःचं नाव लग्नात कोणी बदललं नव्हतं ना.

बुधवारी सकाळी उमाबाई "जरा भावाकडे जाऊन येते" म्हणत देवासच्या बसमध्ये बसल्या. सण नाही, कार्य नाही. आज शनिवार. त्यांचा फोन बंद आहे. विश्वासराव "मजेत आहे, काळजी नको" एवढंच म्हणून ठेवून देतात, आणि काळजी नको म्हटलं की ऋजुताला हमखास होते.

लेखात तिने 'उमा' खोडून 'सीता' लिहिलंय. पण न विचारता नाव ठेवायचं काम त्या बाईच्या बाबतीत एकदा होऊन गेलंय. ऋजुता ते दुसऱ्यांदा करणार नाही. आणि सोमवार तर दाराशी आलाय. चिऊची शनिवारची शाळा, त्यात सर्दी, तिला इथून हलता येत नाही.

म्हणून ती तुम्हालाच विचारतेय. देवासला टेकडीच्या बाजूला राहत असाल, तर विश्वासरावांकडे जरा डोकावाल का? साखर मागायला आलोय म्हणा, काहीही म्हणा. उमाबाई जेवल्यात का, चेहरा कसा दिसतोय ते बघा. आणि जमलं तर दारातून नुसती हाक मारा, "सीताबाई आहेत का?" ओ देतात का, तेवढं तिला कळवा.