आठ लिंबं

आमच्या डब्याला लोक कॅरॅव्हॅन म्हणतात, आरटीओच्या कागदावर ट्रेलर लिहिलंय, आणि मी डबा म्हणते. चार चाकं, आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन, आणि पुढे एक लांब दांडा, जो जीपच्या मागच्या हुकावर अडकवायचा. म्हैसूरच्या गोकुलममध्ये योग शिकायला आलेल्या एका जर्मन जोडप्याने तो हौसेनं करून घेतला होता. ते मायदेशी गेले आणि डबा आमच्या गळ्यात पडला. खरं म्हणजे हरिहरनं तो पाडून घेतला. हरिहर माझा नवरा. कॉलेजपासूनची ओळख, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. माझ्या सासूबाईंनी ते शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं.

वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आम्ही म्हैसूरला आलो. हरिहर एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होता, मी शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर डब्यातून देश बघायचा, हे त्याचं ठरलेलं होतं. निवृत्त झाला आणि चार महिन्यांत मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येतं, पण पाऊण तासाच्या वर बसता येत नाही, आडवं व्हावं लागतं. म्हणजे बस बाद, रेल्वे बाद. पण डबा मागे असला तर पाऊण तास जीपमध्ये बसायचं, रस्त्याकडेला थांबायचं, डब्यातल्या पलंगावर अर्धा तास पडायचं आणि पुन्हा निघायचं. मला तर हे फारच सोपं वाटलं होतं.

फेब्रुवारीत नंजनगूडला जायचं म्हणून निघालो. प्रत्येक हंपवर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, डबा मागे उडी मारायचा आणि खाली येताना जीपला ढुशी द्यायचा. ती ढुशी थेट हरिहरच्या पाठीत. पाचव्या हंपनंतर त्याचा चेहरा पांढरा पडला. कडकोळला तो म्हणाला, "वळव गाडी." मी वळवली. त्या दिवसापासून तो घराच्या फाटकाबाहेर पडला नाही. खिडकीजवळच्या पलंगावर पडून छताकडे बघायचं, हाच त्याचा दिवस. आमची मुलगी गुंजन धारवाडला नव्या घरात गेली. तिनं किती बोलावलं! हरिहरचं एकच, "तीच येईल की."

मला असल्या उत्तराची भयंकर चीड येते. माणूस हरला तर निदान आरडाओरडा तरी करावा. हा गप्प! शेवटी ऑगस्टमध्ये मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "डब्याचे धक्के मी बंद करून दाखवते. मग येशील धारवाडला?"

तो म्हणाला, "एकदाच येईन. पुन्हा तसा धक्का बसला तर डबा विकायचा, आणि त्यानंतर कुठे चला म्हणून मला विचारायचं नाही. कधीच."

"कबूल," मी म्हणाले.

गाडी वळवली होती तिथेच, कडकोळच्या रस्त्याला, मला एका वर्कशॉपची पाटी दिसली होती. बाहेर लॉरीच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे रचलेले. मालक गुरुराव. पासष्टीचा, सडपातळ, इथल्या जुन्या भावसारांपैकी. आजोबा साड्या रंगवायचे, बापानं लोखंड धरलं. मी कन्नडमध्ये सुरुवात केली तर तो मराठीतच म्हणाला, "बोला वैनी, आमच्या घरात मराठीच."

त्याने डब्याखाली शिरून सगळं बघितलं. "पाटे मेलेत हे. मत्ते, आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर तर इल्लाच, नायतच. उडंल नाय तर काय करंल?" त्याने पातळ पात्यांचे नवे पाटे घातले, चारही चाकांना शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवले, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं. मी तोवर डब्याचं छत गळत होतं तिथे सील लावलं, बॅटरी बदलली आणि कपाटातलं उंदराचं घरटं काढलं. मग माझ्या डोक्यात आलं की डबा उंचही करायचा. आमच्या गल्लीतल्या हंपला त्याचं बूड घासायचं.

"पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत ते वर घ्या," मी म्हणाले. "चार इंच उंची मिळेल."

"बेडा वैनी, नको. लॉरीचं मला म्हाईत हाय. ही दुसऱ्यानं ओढायची गाडी, दोन अ‍ॅक्सलची. मी कधी केली नाय. जेवढं हाय तेवढंच ठेवू."

पण मी कुणाचं ऐकते? तीस वर्षं शिट्टी वाजवली की शंभर पोरं सरळ रांगेत उभी राहायची. गुरुरावही राहिला. "आयतु, बरं," म्हणाला, "तुमी सांगता म्हणून."

कडकोळहून डबा घरी आणताना मागून टप टप असा आवाज येत होता. मी ऐकला. नवीन आहे, बसेल जागेवर, असं मनाला सांगितलं आणि कुणापाशी बोलले नाही. विजयादशमीला पहाटे निघायचं ठरलं, कारण दुपारी मिरवणुकीसाठी रस्ते बंद झाले की शहरातून हलता येत नाही.

आदल्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडची खंडेनवमीच, पण इथे तिचा थाट मोठा. घरातली विळी, कात्री, माझा पान्यांचा संच, हरिहरचा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही. सुरीसुद्धा नाही, म्हणून सकाळी न चिरता होणारा उपमा केला. गुरुराव नऊला आला. आपण हात लावलेल्या गाडीचं कोहळं स्वतः फोडायचं, असा त्याचा नेम आहे. जीपच्या चार चाकांखाली चार लिंबं, डब्याच्या चार चाकांखाली चार. हरिहर खिडकीतून बघत होता, म्हणजे डोळे उघडे होते इतकंच.

मी जीप फूटभर पुढे घेतली. लिंबं फुटली, कोहळं फुटलं, गुरुरावने नमस्कार केला. रस्त्यावर राडा राहिला तर दुचाकीवाले घसरतात, म्हणून मी लगेच झाडू घेतला. जीपखालची चारही लिंबं चपटी झाली होती. डब्याच्या पुढच्या चाकांखालची दोन तर पार साल होऊन डांबराला चिकटली होती. मागच्या चाकांखालची दोन मात्र नुसती तडकलेली. एक तर हातात घेऊन पिळता आलं असतं.

मी तिथेच उकिडवी बसले. लिंबू फुटत नाही म्हणजे चाकावर भार नाही. भार नाही म्हणजे ते चाक रस्त्यावर टपटप उड्या मारणार. आवाज कसला होता ते आता कळलं. आणि पुढच्या चाकांवर सगळं ओझं, म्हणजे हंप आला की ढुशी पूर्वीपेक्षा मोठी. मी ह्या डब्याला जोडलेल्या जीपमध्ये त्याला बसवणार होते.

"गुरुराव, पाने काढा," मी म्हणाले. "पाटे पुन्हा खाली घ्या. आत्ता."

त्याने लिंबू बघितलं, चेहरा उतरला. पण मान हलवली. "आज नाय वैनी."

"उद्या पहाटे निघायचंय!"

"उद्या उजाडल्याबरोबर येतो. आज आयुधाला हात लावणार नाय. पन्नास वर्षांत लावला नाय."

"मग मी लावते. माझे पाने घरात आहेत."

"लावा," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं घर, तुमचं आयुध. मी हितं बसतो." आणि फाटकाच्या पायरीवर खरंच बसला.

मी तरातरा आत गेले. पाटावर माझे पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर शेवंती. सकाळी मीच इतक्या निगुतीनं मांडलं होतं. हात पुढे केला आणि परत घेतला. देवाची भीती वाटली असं नाही. पण बाहेर एक माणूस माझ्या हट्टाचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेऊन पायरीवर बसला होता, आणि मी त्याला अजून एकदा चूक ठरवायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

"काय झालं?" खोलीतून हरिहर म्हणाला. माझा आवाज पी.टी.चा, त्याला सगळं ऐकू गेलं असणार.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. सांगितलं तर तो म्हणणार, राहू दे, विका डबा. सगळं तिथेच संपलं असतं. पण दोन महिने मी त्याला हलवायला निघाले होते आणि त्याच्यापासूनच लपवत होते. मी डब्याखालची चारही लिंबं एका ताटात घेतली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "गुरुराव नको म्हणत होता, मी उंच करायला लावलं. आवाज येत होता तोही तुला सांगितला नाही."

त्याने ताटाकडे बघितलं. मी मनात शब्द मोजत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. त्याने अर्धवट फुटलेलं लिंबू उचललं.

"हे कोणत्या चाकाखालचं?"

आठ महिन्यांत त्यानं विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. "मागचं, डावं," मी म्हणाले.

"आणि ही सपाट झालेली दोन्ही पुढची? थांब. लेव्हलची पट्टी आहे का आपल्याकडे?"

"पूजेत."

"मग थाळी आण. पाणी घालून डब्यात जमिनीवर ठेव."

ठेवली. पाणी पुढच्या काठाला आलं आणि मागे थाळीचं बूड कोरडं राहिलं. डब्याच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, तर घरातून आवाज आला, "नाक खाली गेलंय त्याचं! डबा उंच केलास, जीपचा हुक तिथेच. दोन पाट्यांच्या मधला, भार वाटून देणारा तराजू एका बाजूला टेकलाय का बघायला सांग त्यांना."

"तक्कडी म्हणतात सार त्याला आमच्यात," गुरुराव पायरीवरून उठला. "पण मला खाली जाऊन वर बघायला चष्मा नाय आणलेला."

चष्मा त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होता. मी बघितलं, त्यानंही मला बघताना बघितलं.

पाच मिनिटांनी हरिहर पाठीला पट्टा बांधून, भिंतीला धरून फाटकापर्यंत आला. तिथे क्षणभर थांबला. मग बाहेर पाऊल टाकलं. "बघायला पाना लागत नाही ना हो?" त्याने गुरुरावला विचारलं.

"अगदी नाय सार. नोडी, बघा, पाहिजे तेवढं नोडी."

गुरुरावने चाकांना दगड लावले, मी चटई अंथरली. हरिहर कडेवर वळला, मग पाठीवर झाला आणि हळूहळू डब्याखाली सरकला. आम्हाला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मी घड्याळ बघत होते. पाऊण तास झाला. आडवं पडलेल्या माणसाला वेळेची काय पर्वा! मी फोडणीसारखी आतून तडतडत होते आणि तो खालून सांगत होता, "तराजू टेकलाय. ब्रेकची वायर घासतेय, तिला क्लिप हवी. इथला एक नट सैल आहे. काम चांगलं केलंय हो गुरुराव, पाटे बदलायची काही गरज नाही. जीपचा हुक खाली वळलेला आहे, तो काढून उलटा बसवा. दोन बोल्टचं काम. चार इंच तिथेच मिळतील."

"दोन बोल्ट?" मी म्हणाले.

"दोन. आणि उंची वाढवलीस ते बरं झालं. नाहीतर माझं पोट अडकलं असतं."

मी हसले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदम. गुरुराव कोहळ्याचे तुकडे गोळा करायला लागला, जे मी आधीच गोळा केले होते.

विजयादशमीला उजाडता उजाडता गुरुराव हजर. पूजेची फुलं उतरवली, पाने उचलले. हुक उलटा झाला, वायरला क्लिप लागली, सैल नट आवळला गेला. थाळीतलं पाणी सपाट. फ्रीजमधली चार लिंबं पुन्हा डब्याच्या चाकांखाली ठेवली. जीप फूटभर पुढे घेतली आणि हरिहरने स्वतः वाकून, एका हातानं कंबर धरून, बघितलं. चारही सारखी चपटी. तो जीपमध्ये जाऊन बसला. सीटबेल्ट लावला. मी बघतच राहिले.

"निघायचं ना?" तो म्हणाला.

रिंग रोडवर पहिला हंप आला तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरलं. जीप चढली, उतरली. डबा मागून चढला, उतरला, आणि ढुशी आली नाही. नुसतं, कुणी मागून अलगद टेकल्यासारखं. मी तिरक्या नजरेनं बघितलं. हरिहरचे डोळे मिटलेले होते. दुखतंय का, विचारायची हिंमत झाली नाही.

"मागचं उजवं जरा उशिरा बसतंय," तो डोळे मिटूनच म्हणाला.

पांडवपुराच्या पुढे पाऊण तास भरला. उसाच्या कडेला मी गाडी लावली, चाकांना दगड लावले आणि डब्यात चढले. पलंगावर धुतलेली चादर घातली, उशी ठेवली, खिडकी उघडली. पंखा लावला. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. पटकन खाली उतरले.

जीप रिकामी होती. घरची चटई डब्याच्या उजव्या बाजूला गवतावर अंथरलेली, आणि तिच्या टोकाशी दोन चपला, बोटं वर.

"जानकी," पलंगाच्या बरोबर खालून आवाज आला, "एकोणीस नंबरचा पाना दे."

मी दिला. त्याच्यावर कालचं कुंकू अजून तसंच होतं.