खरा आकडा

मी बोलतोय, अंधेरीतल्या एका छापखान्याचं बीपी मोजायचं मशीन. वर्षातून एकदा कपाटातून माझी सुटका होते. बाहेर फलक लागतो, ‘निरोगी कर्मचारी, आनंदी कंपनी’. एचआरची अस्मिता दंडाला पट्टा गुंडाळते, मी आकडा दाखवतो, ती लिहून घेते.

गेल्या वर्षी शिवदास समोर बसला. कोकणातला माणूस, तीस वर्षं इथे छपाईच्या मशीनवर. मी दाखवलं, एकशे ऐंशी, एकशे दहा.

अस्मिता दचकली. शिवदास खाली वाकून म्हणाला, “कमी लिव गो बाय. धाकूचा काय झाला, ठावक हा ना?”

शेजारच्या मशीनवरच्या धाकूचा आकडा आधीच्या वर्षी वाढलेला निघाला, तेव्हा त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवलं होतं. तीन महिन्यांनी कामावरूनच कमी केलं.

“काका, डॉक्टरकडे जाल ना पण?”

“जातंय ना.”

तिने एकशे तीस लिहिलं. संध्याकाळी केळी वाटली, फोटो निघाले.

शिवदास काही डॉक्टरकडे गेला नाही. अठराव्या दिवशी भर दुपारी त्याच्या हातातला कागदांचा गठ्ठा सुटला, तोंड वाकडं झालं. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

त्याची बायको प्रेमा ऑफिसात अस्मिताकडे आली. “तपासणीत काहीच नाय दिसलं?”

“दिसलं होतं, काकू. मी खोटं लिहिलं. त्यांनीच सांगितलं होतं…”

“ते बोलले, आणि तू लिहिलंस?”

 प्रेमा निघून गेली.

त्यानंतर अस्मिता मॅनेजर श्यामकांतसाहेबांकडे गेली. “आकड्यावरून कुणाचं काम जाणार नाही, असं लेखी द्या.”

“बघू. आधी यंदाचा कॅम्प उरकून घे.”

“लेखी मिळाल्याशिवाय कॅम्प नाही, सर.”

बरेच दिवस ताणलं, शेवटी तशी नोटीस लागली. वाचली सगळ्यांनी, विश्वास कुणी ठेवला नाही. आज सकाळी मी टेबलावर येऊन बसलो, तर एकाचीही बाही वर होईना.

 अस्मिताने पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. मी फुगलो, सैल झालो. एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव.

छपाईच्या मशीनवरचा प्रांजल वाकून बघत होता. “मॅडम, वाट लागलीय तुमची!”

“हो रे,” ती म्हणाली आणि कागदावर पहिल्याच ओळीत तिने स्वतःचं नाव घातलं. पुढे आकडा लिहिला, जसाच्या तसा.

प्रांजल बाहीच्या बटणाशी चाळा करत उभा आहे. मागे कुणी नाही. बाबांनो, माणसाला काढून टाकायला नाही रे मी. त्याला वेळेवर डॉक्टरकडे न्या, एवढंच सांगायला आहे. बस रे प्रांजल. मी कुणाला घाबरवत नाही. मला खोटं दाखवता येत नाही, इतकंच.