साहेबांच्या तारखेवाचून

नगरपालिकेनं आठवडी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं आणि ते बंद ठेवलं. बांधकामात काही दोष नव्हता, हे त्यातलं पहिलं आश्चर्य. नळाला पाणी होतं, दिव्याला वीज होती, दारांना आतून कड्यासुद्धा होत्या. फक्त उद्घाटन व्हायचं राहिलं होतं. वस्तू बांधून झाली की ती वापरायची असते, हा गैरसमज, नागरिकहो, आपल्याकडे फक्त लहान मुलांत आढळतो. गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापुरातून एसटीनं तासाभराच्या आत आहे, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलंच वाटेल.

उद्घाटन साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं. साहेब म्हणजे सत्ताधारी पक्षाचे जिल्ह्यातले मोठे नेते. बैठक कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. याच साहेबांनी गावची स्वागतकमान उघडली, व्यायामशाळा उघडली, एका कार्यकर्त्याच्या मोबाइलच्या दुकानाची फीतही कापली. स्वच्छतागृहाला मात्र तारीख मिळेना. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. असल्या दारापुढं कात्री हातात धरून फोटो काढून घ्यायची साहेबांची तयारी नव्हती. बरं, त्यांच्यावाचून उघडावं तर तो त्यांचा अपमान. थोडक्यात, साहेब येणार नव्हते आणि साहेबांशिवाय चालणारही नव्हतं.

या कोंडीत सापडले होते नगराध्यक्ष सम्मेद नेजे. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा सरळ माणूस. लोकांनी थेट निवडून दिलेला, म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या नेत्यांना पहिल्या दिवसापासून खुपणारा. पक्षाचे तालुकाध्यक्ष आणि नगरसेवक गणपतराव त्याला चारचौघांत 'अध्यक्ष' म्हणत आणि दार लावल्यावर 'सम्म्या'. स्वच्छतागृहाच्या कुलपाची किल्लीही गणपतरावांच्याच खिशात होती. इमारत नगरपालिकेची, पण कार्यक्रम पक्षाचा, असा त्यांचा हिशेब.

एका बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी बयाबाई मेथीच्या पेंढ्यांवरच आडवी झाली. सम्मेद दवाखान्यात भेटायला गेला. दिवसदिवस पाणी न प्यायल्यानं आणि लघवी अडवून धरल्यानं आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

"मावशी, पाणी का पीत न्हाईस?"

"पिऊन जाऊ कुटं, अध्यक्षसायेब?" सलाइन लावलेला हात तसाच ठेवून बयाबाई म्हणाली. "तुमी बांदलंय झ्याक. आमी बसतो की त्या कुलपाकडं बगत."

सम्मेद तसाच गणपतरावांच्या घरी गेला. गणपतराव सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, खुर्ची टाकून बसले होते.

"साहेबांचा निरोप काय?"

"बघू म्हणालेत."

"म्हंजे न्हाय?"

"बघू म्हंजे न्हाय न्हवं."

"मग उघडू?"

"बघू म्हंजे व्हय बी न्हवं! राजकारणात आलास न्हवं तू? एवढं कळत न्हाय?"

"बयाबाई दवाखान्यात हाय, तात्या. येत्या बाजाराला मी उघडणार."

गणपतरावांनी शांतपणे पानाला चुना लावला. "उघड. फुडच्या सभेत तुजा एक इषय मंजूर झाला तर बघ. आपलंच नगरसेवक आडवं पडतील. आनि फुडच्या खेपंचं तिकीट इसर. सायबास्नी डावलून कोन मोटं झालंय?"

सम्मेद उठला. येताना त्याचा निश्चय बराच मोठा होता. जाताना तो वरच्या खिशात मावेल एवढा झाला होता.

घरी न जाता तो आक्कांकडे वळला. आक्का पक्षाच्या सगळ्यात जुन्या सभासद, माजी नगरसेविका. गावात पक्षाचं कार्यालयही नव्हतं, तेव्हा बैठका त्यांच्याच पडवीत होत. आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली शेंग पुरी केली आणि विचारलं, "सायबांच्या सभंला फुडं बसवायला बाया कोन गोळा करतंय रं?"

"आपलीच माणसं."

"त्या बाया टेम्पोत बसायच्या आदी पानी पीत न्हाईत, ठावं हाय? सभा सपंस्तवर उटायचं न्हाय आनि उटून जायाला जागा न्हाय. टाळ्या वाजवत्यात आनि घरी जायाची वाट बघत्यात. सायबास्नी वाटतंय, भाषान ऐकत बसल्यात!"

सम्मेदला हसू आलं आणि हसण्याची लाजही वाटली. "पण आक्का, पक्षाच्या विरोधात जाऊ म्हणताय?"

"पक्षाच्या इरोधात कोन जातंय? गनपतरावाच्या इरोधात जा. पक्ष बयाबाईनं मत घातलं तवा उबा ऱ्हायला. पक्ष आनि गनपतराव ह्यातला फरक तुला कळंना झाला आसंल, तर बाबा, खतंच इक. त्यात तुजा हात बसलाय."

पुढच्या बाजाराला सम्मेदनं गणपतरावांना फोन करून किल्ली मागितली. फोन उचलला गेला नाही. मग त्यानं दुकानातून लोखंड कापायची करवत आणली. नगराध्यक्ष नगरपालिकेचंच कुलूप कापतोय, हे दृश्य बघायला बाजार थांबला. कांद्याचा भाव करणाऱ्यांनी भाव अर्ध्यावर सोडला. घामाघूम होऊन सम्मेदनं कडी मोकळी केली. कुणीतरी नारळ आणला, पण तो फोडायला दगड शोधेपर्यंत दोन बायका सम्मेदला बाजूला सारून आत गेल्यासुद्धा.

"नारळ मागनं फोडा, अध्यक्ष!" तिसरी म्हणाली. "त्येला कुटं घाई हाय?"

बघता बघता रांग लागली. तेवढ्यात गणपतरावांची जीप आली. हातात नवं कुलूप, मागं चार कार्यकर्ते.

"सम्म्या, बाजूला हो!" आज चारचौघांतही 'अध्यक्ष' निघालं नाही. "सायबांचा हुकूम हाय. कुलूप लागनार!"

सम्मेद दाराशी उभा राहिला. "तात्या, मला पक्षातनं काढा. तिकीट दिऊ नगा. सभेत माझं सगळं इषय पाडा. पण ह्या दाराला आता कुलूप लागायचं न्हाय! लावायचंच आसंल तर पयला मला आत घालून लावा!"

"आनि मला बी!" आतून आवाज आला.

दारातून बाहेर आल्या गणपतरावांच्या पत्नी, वर्षाराणी. हात धुतलेले, खांद्याला बाजाराची पिशवी. कार्यकर्ते एकदम आभाळाकडं बघू लागले.

"तू... हितं?" गणपतराव म्हणाले.

"अवं, बाजारला यायचं म्हंटल्यावर सकाळपास्नं च्या बी घेत न्हवतो मी. इतकी वर्सं. तुमी कदी इचारलं न्हाय, मी कदी सांगितलं न्हाय. त्या दिशी सोप्यातलं तुमचं बोलनं आतनं ऐकलं, आनि आज घरातनं दोन कप च्या पिऊन आलोय. लावा आता कुलूप!"

रांगेतल्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर गणपतरावांना राग तरी धरता आला असता. त्या नुसत्या बघत राहिल्या. गणपतरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा हातातल्या कुलपाकडं. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला हे माहीत नव्हतं! त्यांनी कुलूप कोटाच्या खिशात टाकलं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"व्हय सायेब... न्हाय, न्हाय लावलं. उद्घाटन झालं, सायेब." गणपतरावांनी आवाज खाली आणला. "कुनाच्या हस्ते म्हंजे... आमच्या मंडळींच्या."

इथं सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. साहेब रुसले ते रुसलेच, सम्मेदला शिस्तभंगाची नोटीस आली, सभेत त्याचे विषय अजून अडतात. मात्र ते मंजूर व्हावेत म्हणून गणपतराव आता स्वतः हात वर करतात. आधी इकडं-तिकडं बघून, पण करतात.

नागरिकहो, लोकांच्या पैशानं बांधलेलं दार लोकांसाठी उघडायला कुणाची तारीख लागत नाही. जो पक्ष लोकांना वाट बघायला लावतो, त्यात राहून त्यालाच अडवणं ही गद्दारी नव्हे, ती पक्षाची खरी सेवा आहे. आणि आपल्या घरातल्या बायका बाजाराला निघताना चहा का घेत नाहीत, हे विचारायला तर कुठलंच पद लागत नाही.

कोनशिलेवर साहेबांचं नाव आहे, तारखेची जागा कोरी आहे. बयाबाई पुन्हा बाजारात बसते. तिच्या मेथीशेजारी आता पाण्याची मोठी बाटली असते, आणि दुपारपर्यंत ती रिकामी होते.